क्लोरोक्विन दिल्यावर पेशीत एवढाले व्हॅक्युओल कुठून येतात? लायसोसोमचं माप नक्की ठरवतं कोण?

भिंगातून_जग

नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, रॉ २६४.७ नावाच्या मॅक्रोफेज सेल्स (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) आहेत आणि ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच भाग पचवणं) अडवायला म्हणून क्लोरोक्विन देतोय. फुगण्याबिगण्याशी माझा काही संबंध नाही खरं तर, पण फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली बघितलं की सेलमध्ये स्वच्छ पारदर्शक गोल गोल व्हॅक्युओल (पाण्याने फुगलेल्या पिशव्या, म्हणजे फुगलेले लायसोसोमच) दिसतात, काही काही तर न्यूक्लियसला कोपऱ्यात ढकलतील एवढे. गाइड म्हणाले "ऑस्मोटिक इफेक्ट आहे, लिहून टाक आणि पुढे चल". लिहून टाकलं, पण डोक्यातून जात नाहीये.

अडचण अशी की क्लोरोक्विनने लायसोसोमचा (पेशीतली कचरा पचवणारी ॲसिडची पिशवी) पीएच वाढतो हे सगळीकडे वाचलंय. म्हणजे आतले प्रोटॉन कमी झाले. मग आत कण कमी झाल्यावर पाणी बाहेर जायला पाहिजे ना, आत का शिरतंय? आणि दुसरं म्हणजे एका पेपरमध्ये ॲपिलिमॉड नावाच्या औषधाने हुबेहूब असेच व्हॅक्युओल आलेले बघितले. ते तर नॅनोमोलरमध्ये देतात, म्हणजे ते स्वतः साठून साठून तरी किती साठणार? एका लिपिड कायनेजचा (लिपिडला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) इन्हिबिटर आहे म्हणे, त्याचा पाण्याशी काय संबंध?

शाळेपासून पुस्तकात लयकारिका, म्हणजे हाच लायसोसोम, म्हणजे एवढा एवढा गोल असंच चित्र बघत आलोय. ते "एवढा एवढा" कोण ठरवतं हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

---

खारट

आधी प्रोटॉनचा हिशोब करून टाकू, तुझी गाडी तिथेच अडकलीये.

एक मायक्रॉन व्यासाचा लायसोसोम धर. आकारमान साधारण अर्धा फेम्टोलिटर. पीएच ५ म्हणजे सुटे प्रोटॉन १० मायक्रोमोलर, म्हणजे त्या अख्ख्या लायसोसोममध्ये सुटे प्रोटॉन जेमतेम ३ हजार. आता बाहेर सायटोसॉलची (पेशीतल्या द्रवाची) ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या कणांचं प्रमाण, ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास आहे, आत तेवढीच ठेवायची तर विरघळलेले सगळे कण मिळून ९ कोटींच्या वर लागतात. ९ कोटींत ३ हजार गेले काय नि आले काय, पाण्याला पत्ताही लागत नाही. पीएच बदलला की एन्झाइमना फरक पडतो, पाण्याला नाही. पाणी सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, अमिनो ॲसिड असल्या मिलिमोलरवाल्या मंडळींच्या मागे जातं.

मग क्लोरोक्विन काय करतं? ते वीक बेस आहे आणि एक नाही दोन दोन प्रोटॉन घेऊ शकतं. चार्ज नसताना मेंब्रेनमधून आरामात आत शिरतं, आत ॲसिड असल्यामुळे प्रोटॉन घेतं, चार्ज आला की परत बाहेर पडता येत नाही. दुसरा रेणू, तिसरा, असं साठत जातं. बाहेर मायक्रोमोलर दिलेलं असलं तरी आत मिलिमोलर होतं. आता खरी मेख. क्लोरोक्विनने प्रोटॉन गिळले म्हणून पीएच वर गेला, पण व्ही-एटीपेज पंप (लायसोसोमच्या मेंब्रेनवरचा, प्रोटॉन आत ढकलणारा) बंद पडलेला नाहीये, उलट त्याच्यासमोरचा विरोध कमी झाला म्हणून तो अजून जोरात प्रोटॉन आत ओततो, ते प्रोटॉन पुन्हा पुढच्या क्लोरोक्विनला चिकटतात, आणि चार्ज जुळवायला प्रत्येक प्रोटॉनमागे एक क्लोराइड आत येतं. म्हणजे सुटे प्रोटॉन कमी दिसत असले तरी पंपाने आत आणलेल्यांची एकूण बेरीज वाढतच चाललीये, चार्जवालं क्लोरोक्विन अधिक त्याच्याबरोबरचं क्लोराइड. हे सगळे मोजण्याइतके कण. पाणी त्यांच्यामागे.

अमोनियम क्लोराइड, प्रोकेन, न्यूट्रल रेड, सगळ्यांची हीच गोष्ट. ख्रिस्तियन द दूव्ह यांनी १९५५ मध्ये लायसोसोम शोधला, आणि १९७४ मध्ये अशा लायसोसोमकडे धाव घेणाऱ्या औषधांवर मोठा लेख लिहिला, नोबेलही त्याच साली मिळालं. जुना आहे म्हणून सोडू नकोस, वाच.

---

जुना_मास्तर

खारट यांनी पाण्याची बाजू छान सांगितली. पण आकार म्हणजे नुसतं पाणी नव्हे, मेंब्रेनपण आलं, आणि ही दुसरी बाजू मुलं हमखास विसरतात.

लिपिडचं मेंब्रेन ताणलं जात नाही फारसं. क्षेत्रफळ तीनचार टक्के, फार तर पाच टक्के वाढलं की फाटतं. त्यामुळे आधीच गोल असलेला लायसोसोम नुसतं पाणी घुसून दुप्पट होऊ शकत नाही, तो फुटेल. तुला जे मोठे मोठे दिसतायत त्यांना जास्तीचं मेंब्रेन कुठून तरी मिळालेलं आहे, म्हणजे शेजारचे लायसोसोम, एंडोसोम (बाहेरून आत घेतलेल्या मालाच्या पिशव्या) येऊन त्यात मिळालेत.

आता थोडी भूमिती. गोल हा असा आकार आहे की दिलेल्या क्षेत्रफळात सगळ्यात जास्त आकारमान त्यातच मावतं. दोन मायक्रॉन व्यासाच्या एका गोलाचं जेवढं क्षेत्रफळ तेवढ्यात एक मायक्रॉनचे चार गोल होतात, करून बघ. पण त्या चारांचं मिळून आकारमान मूळच्या निम्मंच भरतं. म्हणजे मोठ्याचे चार लहान करायचे असतील तर आतलं निम्मं पाणी बाहेर काढावंच लागेल, नाहीतर तुकडे पडणारच नाहीत. आणि उलट दिशेने, चार लहान एकत्र येऊन एक टम्म गोल व्हायचा तर बाहेरून तेवढंच पाणी आत घ्यावं लागेल.

नळी काढायची तरी तेच. एंडोसोममधून जे रिसेप्टर परत पृष्ठभागावर पाठवायचे असतात ते बारीक नळ्यांमधून जातात. नळीत मेंब्रेन भरपूर आणि पोटात पाणी जवळजवळ नाहीच. टम्म फुगलेल्या पुरीची घडी घालता येत नाही, आधी वाफ सोडावी लागते, तसं आधी पाणी सुटून मेंब्रेन सैल पडल्याशिवाय वाकवणारी प्रथिनं तिला वाकवू शकत नाहीत.

तेव्हा "माप कोण ठरवतं" याला माझं उत्तर असं, की मेंब्रेनची ने-आण आणि आयनांची ने-आण या दोघांनी मिळून ठरतं आणि त्यात आयनांचा नंबर आधी लागतो. पुस्तकवाले फक्त पहिली सांगतात कारण तिची चित्रं काढता येतात.

---

भिंगातून_जग

मास्तर, चार गोलांचं गणित करून बघितलं, खरंच निम्मं येतं. हे कोणी सांगितलंच नव्हतं कधी.

खारट दादा, ३ हजार विरुद्ध ९ कोटी हे सेमिनारमध्ये वापरतोय, चालेल ना? पण मग ॲपिलिमॉडचं काय? तिथे तर साठणारा बेसच नाही.

---

कोल्हापुरी_कल्चर

सोपं आहे की भावा, बॅफिलोमायसिन देऊन बघ. व्ही-एटीपेज बंद होतो. क्लोरोक्विनचे व्हॅक्युओल गेले आणि ॲपिलिमॉडचे राहिले तर दोन्हींची कारणं वेगळी.

---

प्रवाहिनी

कोल्हापुरी, या टेस्टने दोन्ही वेगळे होणार नाहीत. बॅफिलोमायसिन आधी दिलं तर दोन्हीकडचे व्हॅक्युओल येतच नाहीत, ॲपिलिमॉडबरोबर हे करून छापलेलंही आहे. याचा अर्थ एवढाच की पाणी आत ओढायची ताकद दोन्हीकडे शेवटी पंपाकडूनच येते.

फरक नक्की कुठे ते सांगते, जरा लांबेल.

मॅक्रोफेज काय करतो तर सतत बाहेरचं पाणी पीत असतो, घोटाघोटाने, त्यालाच मॅक्रोपिनोसायटोसिस. किती पितो तर १९७६ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि सहकाऱ्यांनी मोजलं होतं की मॅक्रोफेज दर ३३ मिनिटांत स्वतःच्या अख्ख्या पृष्ठभागाएवढं मेंब्रेन आत ओढून घेतो. हो तेच स्टाइनमन, डेंड्रिटिक सेलवाले, २०११ चं नोबेल. आता विचार करा, एवढं मेंब्रेन आणि त्याच्याबरोबर एवढं पाणी आत येतंय आणि तरी पेशी मोठी होत नाही, म्हणजे दोन्ही तितक्याच वेगाने परत जायला हवं. मेंब्रेन नळ्यांमधून परत जातं. पण मास्तरांनी सांगितलं तसं नळ्या निघायच्या तर आधी पाणी गेलं पाहिजे, आणि पाणी तर कुणी थेट पंप करत नाही, त्याला मीठच हलवावं लागतं.

घोटात येतं ते बाहेरचं द्रव, म्हणजे सोडियम १४० मिलिमोलरच्या आसपास आणि सोबत क्लोराइड. सायटोसॉलमध्ये सोडियम १०-१५. म्हणजे सोडियमला नुसतं दार उघडून दिलं तरी ते पळत सुटेल. ते दार म्हणजे टीपीसी नावाचे चॅनल, टू-पोअर चॅनल. आणि दाराची किल्ली म्हणजे एक लिपिड, पीआय ३,५ पी२, जे पिकफाइव्ह नावाचं कायनेज तयार करतं. आता लक्षात आलं? ॲपिलिमॉड याच पिकफाइव्हला बंद करतं. कायनेज बंद, म्हणून लिपिड नाही, म्हणून सोडियमचं दार उघडत नाही, मीठ आतच, पाणी आतच, मेंब्रेन ताठ, नळ्या नाहीत, आणि वरून नवे घोट येऊन मिळतच राहतात. २०२० मध्ये ग्रिन्स्टाइन यांच्या ग्रुपने सायन्समध्ये हे मॅक्रोफेजमध्ये दाखवलं. आणि हे नुसतं घरातली आवराआवर म्हणून नाही, मॅक्रोफेजला इकडेतिकडे फिरून पाळत ठेवायची तर हे पाणी सुटावंच लागतं, पोटात एवढे मोठे गोल घेऊन चिंचोळ्या जागेतून सरकता येत नाही.

सोडियम एकटं जाऊ शकत नाही, चार्ज अडवतो. क्लोराइडला वेगळं दार आहे, एएसओआर, काही जण त्यालाच पॅक म्हणतात, टीमेम२०६ पण तेच, २०१९ मध्ये दोन ग्रुपना एकाच वेळी सापडलं म्हणून नावांचा हा गोंधळ. ते ॲसिडने उघडतं. म्हणजे घोट आत आला, पंपाने त्यात ॲसिड केलं, की क्लोराइडचा रस्ता मोकळा. वेळ आपोआप जुळते.

पण बॅफिलोमायसिनचं कोडं राहिलंच. पंप बंद केल्यावर ॲपिलिमॉडवाले व्हॅक्युओल का येत नाहीत? याचं मला पटलेलं उत्तर असं की तेच लिपिड अजून एक काम करतं, क्लोराइड आत आणणाऱ्या सीएलसी-७ ला ते दाबून ठेवतं. सीएलसी-७ हा एक्स्चेंजर आहे, एक प्रोटॉन बाहेर सोडतो आणि दोन क्लोराइड आत घेतो, म्हणजे त्याला चालायला पंपाने आणलेले प्रोटॉन लागतात. लिपिड गेलं की हा सुटतो आणि क्लोराइड आत ओढत बसतो. पंपच बंद केलात तर त्याला प्रोटॉनच मिळत नाहीत. म्हणजे एकच लिपिड सोडियमची बाहेर जायची वाट उघडी ठेवतं आणि क्लोराइडची आत यायची वाट आवळून धरतं. दोन्ही एकाच दिशेला, पाणी बाहेर. मला हे फार आवडतं, कोणीतरी बसून डिझाइन केल्यासारखं वाटतं, अर्थात केलेलं नाही.

याच सीएलसी-७ मध्ये वाय७१५सी नावाचं म्युटेशन असलेल्या दोन मुलांचं वर्णन २०१९ मध्ये आलं, त्यांच्या पेशी अशाच व्हॅक्युओलने भरलेल्या होत्या, लायसोसोम नेहमीपेक्षा जास्त ॲसिडिक, त्वचा-केसांचा रंग फिका. एक्स्चेंजर आवळलाच जात नाही असं समजा. आणि पिकफाइव्हचा जो जोडीदार आहे, फिग४, तो बिघडला की नसांचा आजार होतो, शार्को-मारी-टूथ ४जे.

---

जुना_मास्तर

प्रवाहिनीताई, उत्तम. एक पुरवणी जोडतो, यीस्टची. पिकफाइव्हला यीस्टमध्ये फॅब१ म्हणतात आणि ते काढून टाकलेल्या यीस्टमध्ये पेशीभर एकच अवाढव्य व्हॅक्युओल दिसतो. आणि साध्या यीस्टला खारट पाण्यात टाकलं की काही मिनिटांत हे लिपिड वीसपटीच्या आसपास वाढतं आणि व्हॅक्युओलचे छोटे छोटे तुकडे पडतात. चार गोलांची भूमिती आठवा. पाणी सुटलं की उरलेल्या मेंब्रेनला लहान गोल होण्यावाचून गत्यंतर नसतं.

---

गच्चीवरची_बाग

मी बॉटनीवाली, बारा वर्षं शिकवतेय, आणि इथे सगळे मॅक्रोफेजमध्येच बुडालेत म्हणून मध्ये बोलते. व्हॅक्युओल बघायचा तर झाडात बघा की! तयार झालेल्या पेशीचा ८०-९० टक्के भाग एकट्या व्हॅक्युओलचा असतो. ज्युनिअर कॉलेजच्या प्रॅक्टिकलला र्‍हिओच्या पानाची जांभळी साल काढून मिठाच्या पाण्यात घालतात ना, तो जांभळा भाग आक्रसतो तो व्हॅक्युओलच, पण तिथे शिक्षक "प्लाझ्मोलिसिस" म्हणून पुढे जातात.

आयन आत घेऊन फुगायचं कसं याचा माझा लाडका नमुना म्हणजे निळी मॉर्निंग ग्लोरी, हेवनली ब्लू नावाची. कळी जांभळट असते आणि उमललं की आकाशी निळं. जपानमध्ये यावर बरंच काम झालंय. पाकळीच्या पेशीतल्या व्हॅक्युओलचा पीएच उमलताना ६.६ वरून ७.७ होतो, रंगद्रव्य तेच राहतं, पीएचमुळे रंग बदलतो. पण पीएच का बदलतो? तर पाकळी उमलायची म्हणजे पेशी भराभर फुगायला हव्यात, त्यासाठी व्हॅक्युओलमध्ये पोटॅशियम भरतात, आणि ते भरणारा एक्स्चेंजर एक पोटॅशियम आत घेताना एक प्रोटॉन बाहेर टाकतो. प्रोटॉन गेले म्हणून निळं. म्हणजे डोळ्यांना जो रंगबदल दिसतो तो त्या पंपिंगची नुसती खूण आहे, खरं काम पाणी ओढायचं. हा एक्स्चेंजर ज्या जातीत बिघडलेला असतो तिची फुलं जांभळीच राहतात.

पानांच्या स्टोमाटाचंही तेच, गार्ड सेलच्या व्हॅक्युओलमध्ये पोटॅशियम आणि त्याच्या जोडीला मॅलेट-क्लोराइड भरलं की भोक उघडतं, बाहेर काढलं की मिटतं. आणि तुमचे टीपीसी चॅनल झाडातही आहेत बरं का, व्हॅक्युओलच्या मेंब्रेनवरच.

---

खारट

वा. ३ हजार विरुद्ध ९ कोटींचं याहून चांगलं उदाहरण नाही. पीएच ६.६ असो की ७.७, सुटे प्रोटॉन दोन्हीकडे नगण्य, फुगवलं ते पोटॅशियमने.

---

पोटदुखी_ओपीडी

डॉक्टर आहे, संशोधक नाही, पण हे वाचून एमडीला असतानाचं काहीतरी जुळलं. अल्सरवाला हेलिकोबॅक्टर पायलोरी, वॉरन आणि मार्शल, नोबेल २००५. त्याचं एक टॉक्सिन आहे व्हॅकए, नावातच व्हॅक्युओल. ते पेशीत शिरून एंडोसोमच्या मेंब्रेनमध्ये क्लोराइड जाईल असं भोक पाडतं. आणि तोच जंतू युरियेजने युरियापासून अमोनिया बनवतो. आम्हाला दोन्ही वेगवेगळे मुद्दे म्हणून पाठ करायला लावले होते. म्हणजे क्लोराइडचा रस्ता टॉक्सिन देतं, वीक बेस युरियेज देतं, पंप आपलाच?

---

प्रवाहिनी

अगदी तसंच डॉक्टर. लॅबमध्ये नुसतं व्हॅकए देऊन व्हॅक्युओल नीट येत नाहीत, मीडियममध्ये अमोनियम क्लोराइड घालावं लागतं. आणि बॅफिलोमायसिन दिलं की येतच नाहीत.

---

भिंगातून_जग

डोकं गरगरतंय पण मजा येतेय. मग मी हे तपासू कसं? कोल्हापुरीची टेस्ट गेली. सोडियम नसलेलं मीडियम दिलं तर? ॲपिलिमॉडवाल्यांना फरक पडेल, क्लोरोक्विनवाल्यांना नाही, असं?

---

कोल्हापुरी_कल्चर

माझी टेस्ट गेली नाही, सुधारली. 😄 अमोनियम क्लोराइडने आलेले व्हॅक्युओल धुवून टाकल्यावर मिनिटांत बसतात, बेस निघून जातो ना. ॲपिलिमॉडचे बसायला वेळ लागतो, नवीन लिपिड बनून मग दार उघडायचं. क्लोरोक्विनऐवजी अमोनियम क्लोराइड घे आणि वॉशआउटचा टाइमलॅप्स काढ. एक पैसा जास्त लागत नाही.

---

प्रवाहिनी

वॉशआउट चांगलं आहे, कर. सोडियमबद्दल मात्र सावध. मॅक्रोपिनोसायटोसिस सुरू व्हायलाच पृष्ठभागावरचा सोडियम-प्रोटॉन एक्स्चेंजर लागतो, अमिलोराइडने तो अडवला की पिणंच थांबतं. तू सुरुवातीपासून सोडियम काढलंस तर व्हॅक्युओल कमी दिसतील आणि तुला वाटेल आपला तर्क बरोबर निघाला, प्रत्यक्षात घोटच कमी घेतले असतील. त्यामुळे किती घोट घेतले ते वेगळं मोजायलाच हवं. ७० केडीएचं फ्लुरोसंट डेक्स्ट्रान (चमकणारा मोठा साखरेचा रेणू) दे, ते मॅक्रोपिनोसोममधूनच, म्हणजे त्या घोटांच्या पिशव्यांतूनच, आत जातं, मग दर डेक्स्ट्रानवाल्या गोलाचं माप वेळेनुसार काढ.

आणि सगळं जिवंत सेलमध्ये. फिक्स करून माउंट केलंस की आकार बदलतात, मग मोजून उपयोग नाही.

---

खारट

सोडियमऐवजी एनएमडीजी (सोडियमच्या जागी घालतात तो मोठा रेणू) वापरणार असशील तर अजून दोन गोष्टी. त्याचा पीएच हायड्रोक्लोरिक ॲसिडने खाली आण, सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली टेबलावर ठेवूच नकोस. आणि बायकार्बोनेटवालं नेहमीचं मीडियम चालणार नाही, त्यातच सोडियम असतं, हेपीस बफरवर जा. ट्रिसचा बफर मात्र वापरू नकोस, तो पण वीक बेस आहे, कंट्रोलमध्येच व्हॅक्युओल दिसायला लागतील.

---

भिंगातून_जग

आमच्या लॅबमध्ये सगळं ट्रिसमध्येच बनवून ठेवलंय.

---

कोल्हापुरी_कल्चर

मग आधी तोच कंट्रोल लाव.